चांदी नावाच्या दोन म्हशी

आमच्या खेळात चित्रं नाहीत, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आमचा एक सर्व्हर, म्हणजे गट आहे. त्यात ओढा, माळ, गोठा, कडा, पाणवठा अशी चॅनेलं आहेत, आणि रात्री जेवणं झाली की वीस-बावीस माणसं तिथं जनावरं होऊन लिहीत बसतात. कुणी गवा, कुणी अस्वल, कुणी शेकरू; पाच-सहा जणांचा मिळून कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, एक कळप. जागा राधानगरी-दाजीपूरच्या बाजूची, गावाला नाव मुद्दाम दिलेलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोल्हापुरातल्या सात जणांनी सुरू केलेला हा उद्योग अजून टिकून आहे, याचं मलाच नवल वाटतं. मी दिवसा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते, रात्री घोरपड असते. घोरपड म्हटली की मराठी माणसाला यशवंतीखेरीज नाव सुचत नाही. माझ्या आधी दोघांनी ते घेऊन झालं होतं, म्हणून माझी घोरपड नुसती आक्का.

मी मॉडही आहे, म्हणजे भांडणं मिटवणं माझ्याकडं. इतक्या वर्षांत शिकारीवरून भांडणं झाली ती हाताच्या बोटांवर मोजावीत. नावांवरून झाली ती मोजत नाही. त्यातलं एक इथं सगळं लिहून ठेवते, कारण त्यात मी दिलेला पहिला निकाल चुकला होता, आणि तो नेमका कुठं चुकला हे कळायला आठवडा गेला.

आधी जुनी चांदी. ती चालवायचा तो मुलगा करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा, तेव्हा डिप्लोमाला होता. चांदी म्हणजे पंढरपुरी म्हैस, शिंगं पाठीमागं खांद्याच्या पार गेलेली, कपाळावर पांढरा टिळा. तिचं लिखाण फार नसायचं. बाकीचे लोक पानं भरायचे, हा दोन ओळी टाकायचा: चांदीनं मान वळवली, चांदी पाण्यात बसून राहिली. पण म्हैस म्हणजे अशीच, हे ज्याच्या घरी गोठा आहे त्याला लगेच पटायचं.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा वर आली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या पोरालाही तोंडपाठ असतात; २०१९ मध्ये ५५ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हापासून तर जास्तच. त्याचं गाव रिकामं केलं होतं आणि तो शहरात पाहुण्यांच्या घरी होता. तीन रात्री त्यानं फोनवरून लिहिलं. गोठ्यात पाणी शिरतं, मालक विळ्यानं दावी कापतो, चांदी दोन रेडकांना पुढं घालून माळावर सोडते, मागं राहिलेल्या म्हातारीसाठी परत फिरते. परत आली असं त्यानं लिहिलंच नाही. आम्ही बाकीचे नुसते वाचत होतो. मध्ये एक ओळ घालायची कुणाची छाती झाली नाही. पुढं त्याला चाकणला नोकरी लागली आणि तो खेळात दिसेनासा झाला. मेलेल्या पात्रांसाठी आमच्याकडं ‘पल्याड’ नावाचं चॅनेल आहे. तिथं सगळ्यांत वर ती तीन रात्रींची नोंद पिन करून ठेवलेली आहे.

गेल्या जूनमध्ये कागलकडची एक मुलगी आली. बारावी झालेली, लिहायला चुणचुणीत. आमच्यात नवीन माणसानं आधी आपल्या पात्राची माहिती टाकायची असते. तिनं टाकलं:

‘चांदी. म्हैस, पंढरपुरी, दुसऱ्या वेताची. कपाळावर पांढरा टिळा, शेपटीचा गोंडा पांढरा. मारकी नाही, पण अनोळखी माणूस धारेला बसला तर दूध वर चढवते.’

मी वाचून खूश झाले. दूध चढवणारी म्हैस आजवर कुणी लिहिली नव्हती. पण नावाकडं माझं लक्ष जायच्या आत बाकीच्यांचं गेलं. दहा मिनिटांत बिबट्यानं लिहिलं, हे नाव घेता येत नाही. (माणसांची नावं देत नाही, ज्याच्या त्याच्या जनावरावरून ओळखा.) शेकरूनं मेणबत्तीचं चित्र टाकलं. कोळसुंद्यांतल्या एकीनं पुराच्या नोंदीची लिंक दिली आणि खाली ‘आधी हे वाच’ म्हणून दटावलं. हुपरीचा एक जण आहे, चांदीच्या पैंजणांच्या घरातला, त्यानं नेहमीप्रमाणं आजचा भाव सांगितला. त्याला कुणी हसलं नाही. मुलीनं बिचारीनं रात्री साडेबारापर्यंत सगळं वाचलं, आणि लिहिलं, ‘सॉरी, मला माहीत नव्हतं. खूप छान आहे.’ मग गप्प.

मी नियम दाखवला. आमच्या नियमांतला चौथा: एकदा घेतलेलं नाव पुन्हा घेता येणार नाही, पात्र मेलं तर नाव त्याच्याबरोबर जाईल. म्हणून दुसरं नाव घे, असं सांगून तीन-चार नावं सुचवली. रुपा, चंद्रिका, आणखी काहीतरी. कुणीतरी ‘सिल्व्हर’ म्हणालं. तिचं उत्तर आलं, ‘चंद्रिका म्हशीचं नाव असतंय व्हय?’ नसतंय, हे मलाही कबूल होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला वेगळा निरोप पाठवला. तो जवळजवळ तसाच देते: ‘ताई, आमच्या म्हशीचं नावच चांदी हाय. तिच्या आदीचीबी चांदीच हुती. मी डोळ्यांपुढं तिला आणूनच लिवणार. दुसरं नाव दिलं तर मला ती दिसंना झालीया. मी खेळत नाही मग.’

इथं मला थांबायला हवं होतं. पण नियम हातात असला की माणसाला वाटतं आपण न्याय करतोय.

तो नियम आला कुठून, तेही सांगायला हवं. २०२० मध्ये आम्ही एका इंग्रजी लांडग्यांच्या सर्व्हरचे नियम उचलून मराठीत घातले होते. लांडग्याच्या जागी कोळसुंदा, बाकी जसंच्या तसं. त्या रीतीचं मूळ मात्र जनावरांत नाहीच, यंत्रात आहे. असल्या लिहायच्या खेळांची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ नावाच्या खेळानं झाली. जनावरांच्या पात्रांसाठीचं ‘फरीमक’ हे जग १९९० मध्ये उघडलं. त्या पिढीच्या खेळांत तुमच्या पात्राचं नाव म्हणजेच तुमचं लॉगिन. कुणाशी बोलायचं तर आज्ञेत त्याचं नाव टंकायचं. एका नावाची दोन पात्रं असती तर निरोप कुणाला पोचवायचा हे यंत्राला कळलंच नसतं. अडचण होती संगणकाची, तिची रीत झाली, आणि रीत जुनी झाल्यावर तिला भावना चिकटली. डिस्कॉर्डवर २०२३ पर्यंत एकाच नावाची कितीही माणसं चालायची, मागं चार आकडे लागायचे एवढंच. मग त्यांनी आकडे काढले आणि प्रत्येकाचं वापरायचं नाव वेगळं हवं असं ठरवलं. पण तेही खात्याचं. सर्व्हरमधलं टोपणनाव अजून कुणी काहीही ठेवू शकतो, आणि टपरबॉक्स बॉट, ज्याच्यातून आमची जनावरं आपापल्या चित्रासह बोलतात, तो दोन चांद्या निमूट सांभाळतो. यंत्राची काहीच तक्रार नव्हती. तक्रार आमची होती.

त्या आठवड्यात बिबट्या पेटला होता. त्याचं वाचन दांडगं. त्यानं रेसच्या घोड्यांचा दाखला आणला: मोठ्या शर्यती जिंकलेल्या घोड्यांची नावं आंतरराष्ट्रीय राखीव यादीत जातात, ती पुन्हा दुसऱ्या घोड्याला देता येत नाहीत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तर नाव मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांत बसवावं लागतं. ‘घोड्याला एवढा मान आणि आमच्या चांदीला नाही?’ अस्वलानं त्याला फ्रान्सच्या कुत्र्यांची रीत ऐकवली. तिथं वंशावळीच्या कुत्र्यांना त्या-त्या वर्षाच्या अक्षरावरून नाव देतात, २०२४ ला व्ही, २०२५ ला पुन्हा ए. म्हणजे नावावरून जन्मसाल कळतं, आणि एकाच नावाची कुत्री ढिगानं असतात. वाद रंगला, उपयोग शून्य. दोघंही परक्या गोठ्यांतली उदाहरणं देत होते.

आपल्या गोठ्यात काय चालतं हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि त्या आठवड्यात ते माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते. आपल्याकडं जनावराचं नाव बहुतेक वेळा खुणेवरून पडतं. टिळा असला की चांदी, अंगावर ठिपके-पट्टे असले तर बांडी, फिकट असली तर भुरी. बैल पांढरा तर ढवळ्या, तांबूस तर पवळ्या. घोड्याचे चारही पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी, मग तो कुणाच्याही पागेतला असो. ही नावं कमी आणि वर्णनं जास्त. एक म्हैस गेली आणि तशाच खुणेची दुसरी आली तर नाव खुंटीवरच्या दाव्यासारखं तिच्या गळ्यात जातं. यात आधीचीचा अपमान असतो असं कुणाला वाटत नाही. गवळी गल्लीत दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात तेव्हा उभं राहून ऐका: शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, मालक पुंगळी (सायलेन्सर) काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं आणि म्हैस मागं, ‘चांदी’ अशी हाक आली तर एकाच वेळी किती जणी कान टवकारतील सांगता येत नाही. म्हशी मात्र चुकत नाहीत. त्यांना आवाज ओळखू येतो.

तर शेकरूनं तोड काढली, आणि ती सगळ्यांना आवडली. नवी चांदी ही जुन्या चांदीची नात करायची. म्हणजे नाव आजीवरून ठेवलं असं होईल, मानही राहील, मुलीचंही काम होईल. घराघरात आजीचं नाव नातीला देतात, मग इथं का नको? मीही मान डोलावली. मुलीनं उत्साहानं एक तुकडा लिहूनसुद्धा पाठवला: नात पुराच्या खुणेचा दगड हुंगते आणि तिला आजीचा वास येतो. लिखाण चांगलं होतं.

तेवढ्यात अस्वलानं एकच ओळ टाकली: ‘त्याला विचारलंय का?’

कुणीच विचारलं नव्हतं. तो खेळ सोडून गेलाय, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्या म्हशीवरून आठ दिवस भांडलो, मेणबत्त्या लावल्या, वंश वाढवला, आणि ज्याची म्हैस त्याला पत्ता नाही. मी सगळी हकीकत लिहून त्याला निरोप पाठवला. चार दिवसांनी व्हॉइस नोट आली, मागं कंपनीच्या बसचा आवाज.

‘ताई, आमच्यात आता तिसरी चांदी हाय. पयली आज्ज्याच्या वेळची. दुसरी एकोणीसला गेली, पुरात. तिच्यावरनंच मी ते लिवलं हुतं. तिसरी त्याच वर्षी दिवाळीला आणली, टिळा बघून आईनं चांदीच हाक मारली. आई दुसरं काय म्हणणार? नावाचं काय न्हाय ओ. त्या पोरीनं खुशाल घ्यावं. पण नात-बित नको. तुम्ही नीट वाचलं न्हाय का? ती गाभच धरत नव्हती. म्हणून तर विकायला काढलेली. तिला नात कुठनं येणार?’

मी ‘पल्याड’ उघडलं. त्यानं २०२० मध्ये टाकलेली पात्राची माहिती, चौथी ओळ: ‘गाभ धरत नाही. मालक बाजार बघतोय.’ पुराच्या तिसऱ्या रात्रीही आहे; रेडकं तिची नाहीत, शेजारच्या खुंट्यावरची आहेत. जी म्हैस गिऱ्हाईक मिळालं की जाणार होती, ती दुसऱ्यांची रेडकं काढते आणि परत फिरते. गोष्टीचा सगळा जीव त्यात होता. आम्ही ती नोंद चार वर्षं पिन करून ठेवली, नव्या माणसाला ‘आधी हे वाच’ म्हणून दटावलं, आणि आमच्यातल्या एकालाही ती ओळ आठवली नाही. मलाही नाही. नावाचा पहारा इतका कडक होता की आत काय ठेवलंय हे बघायचंच राहून गेलं.

नोटच्या शेवटी तो आणखी एक बोलला होता: ‘ती परत फिरली आणि आली न्हाय, तेवढंच हाय ते. त्याच्याम्होरं कुणी लिवलं तर मला वाचावं लागंल ओ.’

मग निकाल फिरवला. कागलच्या मुलीला नाव दिलं, नातं काढून टाकलं. दगड हुंगण्याचा तुकडा तिनं स्वतःहून काढला. मी म्हणाले राहू दे तुझ्याकडं, कधी वेगळ्या जागी वापर. बिबट्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं, आज ही चांदी, उद्या कुणी दुसरी यशवंती आणेल, मग गोंधळ. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आम्हाला वाचताना गोंधळ होतोच. म्हणून एक साधी सोय केली: सारख्या नावाच्या पात्रांची बॉटमधली चित्रं ठळक वेगळी हवीत. नव्या चांदीच्या चित्रात शेपटीचा पांढरा गोंडा पुढं आणलाय.

चौथा नियम बदलताना बाकीच्यांकडंही बघितलं. माणसांची नावं जनावरांना देऊ नका, हा नियम आपल्या गावाला फार लागू आहे. एकदा एकानं वानराचं नाव तात्या ठेवलं, तर आमच्यातल्या तिघांच्या घरी तात्या निघाले आणि त्यातले एक शेजारी बसून फोनमध्ये बघत होते. तो नियम ठेवला. देवादिकांची नावं नकोत, हा मात्र काढला. हत्तिणीला लक्ष्मी म्हणणाऱ्या मुलखात तो कुणी पाळणार? पण त्याच्याशी सख्खी अशी एक गोष्ट तिथंच अडकली होती. नांदणीच्या मठातली महादेवी, जिला लोक माधुरी म्हणून ओळखतात, ती हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनताराला नेली आणि सगळा जिल्हा रस्त्यावर आला. त्याच आठवड्यात आमच्याकडं एकानं माधुरी नावाची हत्तीण आणली होती. आम्ही नको म्हणालो होतो, आणि कारण विचारलं तेव्हा देवाचं नाव, पावित्र्य असं काहीतरी बोललो होतो. तेही खोटंच कारण. माधुरी नाव कुणीही हत्तिणीला द्यावं. त्या हत्तिणीचं काय व्हावं हा वाद तेव्हा घराघरात चालू होता आणि रात्री दहा वाजता एकटा माणूस तो आपल्या बोटांनी पुढं लिहिणार होता, हे आम्हाला नको होतं. आता त्या जागी नियम असा आहे: नाव घ्या, पण त्या नावाबरोबर कुणाची घडलेली गोष्ट येत असेल, तर ती पुढं नेण्याआधी त्या माणसाला विचारा. तो सापडत नसेल तर पुढं नेऊ नका.

यातही फट आहे. ‘घडलेली गोष्ट’ कुठं संपते? यशवंतीचं काय करायचं, तिच्या माणसाला कुठं विचारायला जाणार? अस्वलानं हे विचारलं आणि मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

दिवाळीत कागलच्या मुलीनं पाडव्याचा प्रसंग लिहिला. शिंगांना वॉर्निश, पायांत तोडे, गाडीची पुंगळी काढून धाकटा भाऊ पुढं, आणि चांदी मागं न धावता मध्येच थांबून भिंतीला अंग घासत उभी. सगळे हसले. रात्री अकराच्या सुमारास गप्पांच्या चॅनेलवर चाकणचं खातं हिरवं दिसलं. तो सुट्टीला गावी आला होता. त्यानं विचारलं, ‘शिंगाला कुठला रंग?’

‘हिरवा. तुमच्यात?’

‘गुलाबी. आई ऐकत न्हाय.’

तेवढंच बोलून तो गेला. बिबट्या पात्रांची यादी सांभाळतो. तो अजून त्या ओळीत ‘चांदी २’ लिहितो. मी ते पुसत नाही. कागलची मुलगी पुसते, दर आठवड्याला.